वय काढायचं काम

३ ऑक्टोबर १९८८

आले एकदाची! एक ट्रंक, एक वळकटी आणि शिवणाची पेटी, एवढाच माझा संसार. रिक्षावाल्याला येरवडा म्हटल्यावर त्यानं आरशातून माझ्याकडे कळवळून पाहिलं आणि आत कोण आहे, मुलगा का मालक, असं हळूच विचारलं. मी म्हटलं, आत कुणी नाही, मीच राहायला चालले आहे. मग त्यानं आरसा दुसरीकडे फिरवून ठेवला.

तुरुंगाची भिंत मागे टाकून नगर रस्त्याच्या अलीकडे आत वळलं की आमचा बालिकाश्रम. बैठी दगडी इमारत आणि पुढे बुचाची झाडं. सध्या ती फुलली आहेत, अंगणभर पांढरा सडा पडलेला आहे. कॅम्पातल्या आमच्या कॉन्व्हेंटच्या आवारातही अशीच बुचं होती. मधल्या सुट्टीत आम्ही लांब देठांच्या वेण्या विणायचो आणि घंटा होताच सिस्टर अगाथा त्या आमच्या केसांतून हलकेच काढून मेरीच्या पायाशी ठेवायच्या. मग आम्ही दोघी-दोघी हात धरून रांगेत उभ्या राहायचो. अठ्ठावन्न वर्षांची झाले तरी तो वास आला की मला मोजे वर ओढावेसे वाटतात.

मिशनच्या दवाखान्यात जन्मभर एक्स-रे काढले. निवृत्त झाल्यावर भाचीकडे राहिले. ती गुणी आहे, पण तिच्या घरात माझी खुर्ची कुठे ठेवायची हे कुणालाच सुचेना. म्हणून ही नोकरी.

पोलीस किंवा कोर्ट इथे ज्या मुली पाठवतं, त्यांतल्या पुष्कळींना जन्माचा दाखला नसतो. त्यांच्या मनगटाचा, कोपराचा, कमरेचा एक्स-रे मी काढायचा आणि हाडांच्या वाढीवरून वय डॉक्टरांनी ठरवायचं. अठराच्या आतली मुलगी आश्रमात राहते, शिकते. अठरा पूर्ण झालेली सज्ञान. तिला ठेवून घेता येत नाही. कायद्यानं ती मग कुठेही जाऊ शकते, पण फाटकाबाहेर तिची वाट पाहत कोण उभं आहे, त्यावर सगळं असतं.

गृहमाता मथुराबाई दाराशीच भेटल्या. भरल्या अंगाच्या, तोंडाच्या फटकळ. मीच का त्या वय काढणाऱ्या बाई, असं त्यांनी विचारलं. इथे सगळे असंच म्हणतात. मला हसू आलं. विहिरीतून पाणी काढावं तसं वय काढायचं!

५ ऑक्टोबर

यंत्र जुनं पण खणखणीत आहे. नव्या जागी पहिली प्लेट आपल्याच हाताची काढायची, ही आमच्या दवाखान्याची रीत. डावा हात ठेवला, प्लेट काढली, अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली धुतली. चित्र सुरेख आलं, हात मात्र नाही. बोटांच्या पेरांवर गाठी, सांध्यांतल्या जागा अगदी चिंचोळ्या, हाडं राखेसारखी फिकट. म्हातारीचा हात. आईची आंगठी तेवढी पांढरीशुभ्र उठली आहे. ती माझ्या बोटात रुतली आहे, साबण लावूनही निघत नाही.

डॉक्टर आप्पासाहेब पलीकडच्या खोलीत बसतात. दारावर त्यांच्या अक्षरात पाटी आहे: दार वाजवू नये, ऐकू येतं, उत्तर मिळेलच असं नाही. भिंतीत एक फट आहे. सुकलेली प्लेट त्या फटीतून आत सरकवायची आणि तिथूनच अहवाल बाहेर येतो. ते मुलींना बघत नाहीत. कधीच नाही. चेहरा साक्ष फिरवतो, हाड फिरवत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी नमस्कार करायला गेले तर माझ्याकडेही न बघता म्हणाले की बाई, आपलं वय मला विचारायचं असेल तर प्लेट घेऊन या. तोंडं बघायला बाकीचं पुणं पडलं आहे.

खडूस आहेत, पण मला आवडले. आमच्या गणिताच्या सिस्टर अशाच होत्या.

१३ ऑक्टोबर

आज तीन मुली झाल्या. मुली यंत्राला फार भितात. एकीला वाटलं होतं हात कापणार. मी माझ्या पद्धतीनं करते: मुलीचा डावा हात प्लेटच्या पेटीवर पालथा ठेवायचा, बोटं फाकवायची आणि त्यावर माझा तळवा टेकवून बसायचं. काहीबाही गुणगुणायचं. कापरं थांबलं की हात उचलायचा आणि लगेच बटण दाबायचं. या पोरींचा हात कुणी किती दिवसांत मायेनं धरलेला नसतो. एक तर माझ्या तळव्याखालीच डुलकी घेऊ लागली. मलाही फार बरं वाटलं. शाळेच्या रांगेत शेजारणीचा घामेजला हात धरल्यावर वाटायचं, अगदी तसं.

वाढत्या हाडाच्या टोकाशी प्लेटवर एक काळी रेघ दिसते. तिथे अजून हाड झालेलं नसतं. वाढ संपत आली की रेघ बारीक होते आणि शेवटी पुसली जाते. सगळं वय त्या रेघेत असतं.

तिघींचाही अहवाल अठरा पूर्ण असा आला. मला त्या पोरसवदा वाटल्या होत्या. असो, चेहरा साक्ष फिरवतो.

२६ ऑक्टोबर

इथलं पाणी मानवलेलं दिसतं. आज सुईत दोरा ओवला आणि मग लक्षात आलं की चष्मा उशीखालीच राहिला आहे. गुडघेही कुरकुरत नाहीत. मथुराबाई म्हणाल्या, बाई, कलप लावता का? लावत नाही म्हटलं तर त्यांनी माझ्या भांगाकडे असं पाहिलं की मी पदर डोक्यावर घेतला.

एक गोष्ट मात्र खटकते. मी आल्यापासून एकही मुलगी अठराच्या खाली निघालेली नाही. सगळ्या गेल्या. कुणी मामाबरोबर, कुणी नवरा म्हणवणाऱ्याबरोबर. मथुराबाईंना विचारलं, आधी असंच होतं का? त्या म्हणाल्या, आधी निम्म्या तरी राहायच्या. आणि परातीतली कणीक उगाचच आपटत राहिल्या.

७ नोव्हेंबर

आज आनंदी आली. वाघोलीच्या दगडखाणीवरची. शिडशिडीत, दात पुढे, बोलायला भारी चुरचुरीत. आई दोन वर्षांपूर्वी गेली, बाप त्याआधीच. खाणीवरचा मुकादम जयसिंग म्हणतो, हिचं माझ्याशी देवळात लग्न झालं आहे आणि ही अठराची आहे. आनंदी म्हणते, लगीन झालं तवा मी झोपलेली व्हते काय, मला कसं ठावं न्हाई? ती रात्रीची पळाली आणि नगर रस्त्यावर एका ट्रकवाल्यानं तिला चौकीत आणून सोडली. भला माणूस.

जन्माचं विचारलं तर म्हणाली, मोठ्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची, तिथंच खडीच्या ढिगामागं झाले. तो दुष्काळ बहात्तर-त्र्याहत्तरचा. म्हणजे पोरगी पंधराची. पण खडीच्या ढिगाला कोर्टात कोण विचारतो? प्लेटच बोलणार.

पहिल्या प्लेटला ती हसली आणि हात हलला. चित्र पुसट आलं, पण मनगटाची काळी रेघ त्यातही ठसठशीत होती. मनात म्हटलं, सुटलीस गं बाई. दुसऱ्यांदा मी तिचा हात चांगला दाबून, बराच वेळ धरून ठेवला. प्लेट स्वच्छ आली. सुकायला टांगून चहाला गेले.

संध्याकाळी अहवाल बाहेर आला. अठरा पूर्ण.

मी प्लेट परत मागून घेतली. रेघ केसाएवढी. ही माझी प्लेट नव्हे. मी चहाला गेले तेव्हा कुणीतरी बदलली. अंधाऱ्या खोलीला दोन दारं आहेत आणि दुसरं आप्पासाहेबांच्या खोलीत उघडतं.

८ नोव्हेंबर

पुसट प्लेट मी ट्रंकेत साड्यांखाली ठेवली आहे. आश्रमाकडून कोर्टाला अर्ज गेला, फेरतपासणी व्हावी म्हणून. मथुराबाईंनी माझ्या बाजूनं साक्ष दिली. आनंदीला सांगितलं, तर तिनं माझ्या कमरेला मिठी मारली आणि म्हणाली, मावशी, मला हितंच ऱ्हाऊ द्या, मी तुमची भांडी घासंन. मी म्हटलं, भांडी नको, धडे घोकायचे.

मूल झालं असतं तर आज केवढं असतं, असलं मी कधी मनात आणत नाही. आज आणलं.

१५ नोव्हेंबर

जयसिंग आला होता. पांढरा सफारी, पायात नव्या वहाणा, बोलणं लोण्यासारखं. आप्पासाहेबांच्या व्हरांड्यात तो दुपारभर बसून होता. आप्पासाहेब बाहेर आले नाहीत, असं मथुराबाई म्हणतात. पण आतलं कोण बघतो? त्या भिंतीला फट आहेच.

आप्पासाहेबांना मी सरळच विचारलं. अहवालांबद्दल नव्हे, फक्त एवढंच की अलीकडे सगळ्या मुली सज्ञानच कशा निघतात? ते प्लेटवरून नजर न काढता म्हणाले, बाई, हाडं तुम्ही आणता, मी फक्त वाचतो. पोस्टमनला पत्रातल्या मजकुराचा जाब विचारू नये.

उत्तर चोख होतं. चोख उत्तरं तयार ठेवावी लागतात.

२४ नोव्हेंबर

आज सकाळी पातळ भिजलं. नऊ वर्षांनी. दुखणं असेल म्हणून घाबरले, पण दुखत काही नाही. पोटात ती जुनी ओढ, तेवढीच. कुणाला सांगू? शिवणाच्या पेटीतलं मऊ कापड घेतलं आणि दार लावून खूप वेळ बसून राहिले. रडू आलं. खरं लिहायचं तर ते भीतीचं नव्हतं.

आंगठी सैल झाली आहे.

२९ नोव्हेंबर

आज फेरतपासणी. या वेळी मी सापळा लावला. पेटीत फिल्म भरतानाच तिच्या कोपऱ्याला टाचणीनं भोक पाडलं. प्लेटवर उमटणारं शिशाचं अक्षर, माझ्या विजयमाला नावातला ‘व’, शेजारी ठेवलं. आप्पासाहेबांकडचं दार आतून कडी लावून बंद केलं. आनंदीचा हात मीच धरला, बटण मीच दाबलं, प्लेट मीच धुतली आणि ती सुकेपर्यंत जागची हलले नाही.

भोक आहे. ‘व’ आहे. रेघ नाही.

अजिबात नाही. मनगटात नाही, कोपरात नाही. कमरेचं हाडही पूर्ण जुळलेलं. ही पंचविशीच्या पुढची बाई आहे.

मी दिवा लावून आनंदीकडे पाहिलं. ती स्टुलावर बसून हात चोळत होती. डोळ्यांखाली बारीक सुरकुत्या, कानावर एक पांढरा केस. ती म्हणाली, मावशी, तुम्ही हात धरता तवा लई बरं वाटतं, पन मागनं लई थकाया व्हतं.

२ डिसेंबर

आप्पासाहेबांनी काही केलेलं नाही. यंत्र बिघडलं आहे, असं आज मला वाटत होतं. वाटावं अशी फार इच्छा होती. खात्री करायची तर पहिली प्लेट आपल्या हाताची.

काढली. ऑक्टोबरची आणि आजची प्रकाशपेटीवर शेजारी-शेजारी लावली.

आजच्या हातावर गाठी नाहीत. सांध्यांत मोकळी जागा. हाडं भरीव, दुधासारखी. तिशीच्या बाईचा हात. आंगठी दोन्हीकडे तीच, फक्त आजच्या बोटात ती तिरकी लटकते आहे.

यंत्र उत्तम आहे.

३ डिसेंबर

वय काढणारी बाई. पहिल्या दिवशी मथुराबाई म्हणाल्या आणि मी हसले. वय गेलं, असं आपण बायकांबद्दल म्हणतोच की. कुठे जातं, ते कुणी विचारत नाही.

जेवढ्या मुली गेल्या त्या सगळ्यांचे हात मी धरले. मायेनं धरले. किती वेळ धरले!

६ डिसेंबर

मुलींना कळलं आहे. मी पडवीत आले की सगळ्या हात ओढणीत घालतात. कुणी सांगितलं नसेल, त्यांना कळतं. आज दोन मुली आल्या, मी त्यांना हात लावला नाही. लांबूनच सांगितलं, ठेव, हलू नकोस. हात हलले, प्लेटा पुसट आल्या, तरी काळ्या रेघा ठळक होत्या. दोघींचाही अहवाल सोळा. दोघी राहिल्या.

म्हणजे खरंच.

मथुराबाई माझं ताट आता दाराबाहेर ठेवतात. म्हणाल्या, बाई, तुमचा राग नाही, पण माझ्याही हाताला हात लावू नका. माझ्याजवळ उरलंय ते मला पुरायचं आहे.

१० डिसेंबर

हुकूम आला. आनंदी सज्ञान. पुढच्या शनिवारी जयसिंग तिला न्यायला येणार, सोबत हवालदार.

तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं किंचाळेल. ती आरशात बघत राहिली, मग म्हणाली, मावशी, तुम्ही माजं वय काढून घेतलं, तर मग परत घाला. विहिरीतनं पानी काढत्यात, तसं वततासुदिक येतंय की.

उलटं करायचं. माझा हात खाली, तिचा वर.

मी हो म्हटलं.

१५ डिसेंबर

आज केलं. माझा हात प्लेटवर, तिचा तळवा माझ्यावर. बराच वेळ, कारण परत द्यायचं खूप होतं. मी डोळे मिटले आणि मनात म्हणत राहिले, घे बाळ, घे, सगळं घे. बुचाचा वास आला. झाडं तर केव्हाची झडली आहेत. रांग दिसली. माझ्या शेजारची जागा रिकामी होती आणि मी हात पुढे केला—

डोळे उघडले तेव्हा आनंदी खाली वाकून खोकत होती. केस पांढरे. हातावर शिरा.

उजव्या हातातलं बटण मी कधी दाबलं कळलं नाही, पण प्लेटवर दोन हात आहेत, एकावर एक. वरच्या हाताच्या पेरांवर गाठी. खालच्या हाताच्या मनगटात काळी रेघ, रुंद, ठसठशीत.

हात वर का खाली, यावर ते नव्हतंच. ज्याला हवं असतं त्याच्याकडे जातं. मला नको होतं. मी देत होते. पण ती रांग दिसली आणि—

१६ डिसेंबर

लुगडं अंगावर ठरत नाही. मथुराबाईंनी खिडकीतून एका मुलीचा फ्रॉक टाकला. आंगठी सापडत नाही.

आनंदी माझ्या खाटेवर पडून आहे. फक्त माझे हात बघते.

शनिवार, १७ डिसेंबर

जयसिंग आला. हवालदार, मथुराबाई, सगळे पडवीत. आनंदीला पुढे आणलं. तो हसायलाच लागला. म्हणाला, ही म्हातारी कुणाची आजी? माझी बायको कुठं लपवली? मथुराबाईंनी सांगितलं, हीच ती, इथून कुठे गेलेली नाही. त्यानं तिच्याकडे दुसऱ्यांदा बघितलंसुद्धा नाही. सुटली ती त्याच्यापासून. अशी सुटली.

मग त्यानं मला पाहिलं. मी दारामागे होते.

बोट दाखवून म्हणाला, ही बघा. हीच आमची आनंदी. हुकमावर नाव आनंदीचं होतं, पोर त्याला कुठलीही चालणार होती.

मी म्हटलं, माझं नाव विजयमाला, मी इथे नोकरीला आहे. सगळे हसले. हवालदार म्हणाला, दाखला आहे का पोरी? मथुराबाई काही बोलायला गेल्या आणि मागे सरल्या. कोण विश्वास ठेवील?

आप्पासाहेबांना हाक मारली. ते आतूनच म्हणाले, वाद कशाला, प्लेट काढा. अठराच्या आत निघाली तर इथेच राहील, नाही तर न्या. मी तोंडं बघत नाही.

त्याच दिवशी, दुपार

मथुराबाईंनी आनंदीकडे बोट करून हवालदाराला सांगितलं की या आजीला यंत्र ठाऊक आहे, ती काढेल. मला हाक मारताना त्यांनी खाली बघितलं.

खोलीत आम्ही दोघीच. माझा डावा हात पेटीवर. उजव्या हातानं लिहिते आहे. आनंदीनं माझा एप्रन घातला आहे, तो तिला जड होतो. बटण दाबायला गेलीच नाही. स्टूल ओढून जवळ बसली.

म्हणाली, आता माजं मला दे. सारं नगं, पंधरा वर्सं दे. तू काय मागू नगंस. कायबी मागू नगंस. नुसती बस.

मी म्हटलं, नाही मागणार. शपथ.

मग तिनं तळवा माझ्या हातावर—

ऊब आहे. मी भिंतीकडे बघते आहे. भिंतीवर काही नाही. मी काही आठवत नाही. आठवायचं नाही. लिहीत राहिले की आठवत नाही.

तिचा श्वास मोठा येतो आहे. बोटांना बळ आलंय वाटतं. हो. दाबते आहे. घे. आनंदी, घे.

बाहेर जयसिंग खोकला. हवालदार विचारतो, झालं का?

नाही झालं.

घंटा झाली. कुठली घंटा? इथे घंटा नाही. जेवणाची थाळी असेल. मथुराबाई थाळी वाजवतात. थाळीच ती. घंटा नाही—

वास येतो.

नको, नको, मी बघत नाही

पाय जमिनीला टेकत नाहीत. मघाशी टेकत होते.

आनंदी हात काढ. काढ ना. ती काढत नाही. मान खाली घातली आहे. हात किती हलका झाला, वाळक्या पानासारखा

मी मागत नाही. सिस्टर मी काही मागितलं नाही

सगळ्या रांगेत उभ्या आहेत. माझी जागा आहे. मोजे वर ओढले. मला जायचं आहे पण माझ्या हातावर कुणाचा तरी हात आहे. गार आहे. ही कोण आजी झोपली आहे? मी हळूच विचारते, आजी, तुमचा हात काढू का, मला